गल्फच्या नोकरीला निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर: कामगार व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन

रत्नागिरी, खेड, चिपळूण, दापोली, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यात गल्फला गेलेला माणूस नाही असे गाव शोधावे लागते. मुंबईतल्या भरती कार्यालयांतून तर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, तेलंगण अशा दूरच्या राज्यांतले कामगारही सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहारीन या देशांकडे रवाना होतात. तिथे गेलेल्यांपैकी अनेकांनी घरे बांधली, बहिणींची लग्ने केली, मुलांना शिकवले. परंतु ज्यांचा पगार थकला, ज्यांच्या हाती कबूल केलेल्या कामाऐवजी दुसरेच काम आले किंवा ज्यांना परत येण्याचीही मुभा राहिली नाही, त्यांच्या कहाण्या नीट ऐकल्या तर एक गोष्ट वारंवार समोर येते: संकट तिकडे कळले, पण त्याची सुरुवात इथेच, विमान सुटण्यापूर्वी झाली होती. म्हणून या मार्गदर्शनाचा मोठा भाग निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल आहे.

पासपोर्टवरील शिक्का आणि सरकारी परवानगी

सर्वप्रथम आपला पासपोर्ट ‘ईसीआर’ (म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक असलेल्या) प्रकारचा आहे की नाही, हे पाहावे. साधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट या प्रकारात मोडतो. अशा व्यक्तीला सहाही आखाती देश धरून एकूण १८ देशांमध्ये नोकरीसाठी जायचे असल्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. या अधिकाऱ्याचे कार्यालय मुंबईतही आहे आणि सर्व प्रक्रिया परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावरून चालते.

ही परवानगी म्हणजे नसती कटकट आहे असे समजून एजंटच्या सांगण्यावरून ती टाळणारे पुष्कळ आहेत. “व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे पोहोचल्यावर बदलून घेऊ,” हे वाक्य कानावर पडले की तिथेच थांबावे. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाच्या नोकरीची नोंद भारत सरकारकडे नसते, त्याचा करार कोणी तपासलेला नसतो, त्याचा विमा उतरवलेला नसतो आणि त्या देशात त्याने काम करणे हाच गुन्हा ठरतो, त्यामुळे पगार बुडाला तरी तो उघडपणे तक्रार करायला कचरतो. एजंटला हे सगळे ठाऊक असते. परवानगीच्या प्रक्रियेतून गेलेल्या कामगाराचा मात्र मालक कोण, पगार किती, करार किती वर्षांचा, हे सारे नोंदलेले राहते, आणि पुढे दूतावासाला हस्तक्षेप करायचा झाला तर हीच नोंद आधाराला येते.

याच प्रक्रियेत ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ या विम्याची पॉलिसी घ्यावी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण देणाऱ्या या पॉलिसीचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, असा अत्यल्प आहे. पॉलिसी हातात घ्यावी, वारसाचे नाव बरोबर आहे का ते तपासावे आणि तिची प्रत घरी ठेवावी. घरच्यांना पॉलिसीचा पत्ताच नसेल, तर दावा कोण करणार?

प्रस्थानपूर्व मार्गदर्शनाचा सरकारमान्य वर्ग एका दिवसाचा असतो. तो अवश्य करावा.

एजंट कोण आहे, हे कसे ओळखावे

परवानाधारक भरती संस्थेला परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून ती नोंदणी आजही चालू आहे का, हे कोणालाही पाहता येते. अवैध एजंटांची यादीही तिथेच मिळते. अडचण अशी की गावाकडे आपल्याशी बोलणारा माणूस सहसा परवानाधारक नसतोच. तो ओळखीचा, बऱ्याचदा नात्यातला आणि स्वतः गल्फला राहून आलेला असतो, आणि त्याच्यावर संशय घेणे म्हणजे त्याचा अपमान करणे असे आपल्याला वाटते. म्हणून त्याच्याशी वाद न घालता एवढेच म्हणावे की, “कोणत्या ऑफिसमार्फत काम होणार आहे त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक द्या, पैसे मी तिथेच भरीन आणि पावती घेईन.” खरा माणूस क्रमांक देईल. टाळाटाळ करणाऱ्याला पासपोर्ट देऊ नये.

सेवाशुल्काची कमाल मर्यादा कायद्याने ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये इतकी आहे, आणि त्याची पावती देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात लाख, दीड लाख रुपये मागितले जातात आणि लोक ते देतात. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च, इकामा (तिथला निवास परवाना) आणि वर्क परमिट यांचे शुल्क आणि करार संपल्यावरचे परतीचे तिकीट हा भार मालकाने उचलायचा असतो. अमिराती आणि कतार येथेही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास बंदी आहे. म्हणजे ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून तुमच्याकडून जी रक्कम घेतली जाते, ती बहुतेक वेळा मालकाने भरलेली किंवा भरायचीच असते.

‘आझाद व्हिसा’ची गोष्ट याहून गंभीर आहे. एखादा स्थानिक नागरिक किंवा नावापुरती कंपनी व्हिसा विकते, आणि तिकडे जाऊन हवे तिथे काम करा असे सांगितले जाते. असा कोणताही व्हिसा कायद्यात नाही. तुमचा इकामा ज्याच्या नावावर आहे त्या कफीलऐवजी (व्हिसा देणाऱ्या मालकाऐवजी) दुसऱ्याकडे काम करताना पकडले गेलात तर दंड, कोठडी आणि मायदेशी रवानगी अटळ असते. शिवाय दरवर्षी इकामा नव्याने करण्यासाठी तो कफील मागेल ती रक्कम द्यावी लागते. जुन्या जाणत्या लोकांनी या मार्गाने बरे दिवस काढले असतीलही, पण आता तपासणी संगणकावर होते आणि तो काळ सरला आहे.

कर्जाचा हिशेब

माझ्या मते कामगाराला परदेशात सर्वांत जास्त असहाय करते ते कर्ज. पासपोर्ट ताब्यात घेणारा मालक एक वेळ परवडला, कारण त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. गावाकडे व्याज वाढत असताना मात्र माणूस तक्रार करीत नाही, नोकरी सोडत नाही आणि मिळेल त्या पगारावर राबत राहतो. समजा, दीड लाख रुपये दरमहा तीन टक्क्यांनी घेतले. नुसते व्याज महिन्याला ४,५०० रुपये, वर्षाला ५४,००० रुपये आणि दोन वर्षांच्या करारात १,०८,००० रुपये होते, आणि मुद्दल जिथल्या तिथेच राहते. निघण्यापूर्वी हा आकडा हातात येणाऱ्या बेसिक (भत्ते आणि ओव्हरटाइम सोडून मूळ) पगाराशेजारी लिहून पाहावा. चार-पाच महिन्यांच्या पगारात कर्ज फिटत नसेल, तर ती नोकरी नाकारणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे. कर्ज घ्यावेच लागले तर सावकारापेक्षा बँकेचे सोनेतारण कर्ज कितीतरी स्वस्त पडते.

करारातील नेमके काय वाचावे

एजंट तोंडी जो पगार सांगतो त्यात बहुधा जेवणाचा भत्ता आणि अपेक्षित ओव्हरटाइमही मिळवलेला असतो. करारात पाहायचा तो आकडा ‘बेसिक’चा, कारण ओव्हरटाइमचा दर आणि शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी या दोन्ही गोष्टी बहुधा त्यावर मोजल्या जातात. त्यानंतर कामाचे तास पाहावेत. आखाती देशांत सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे, त्यापुढचे काम ओव्हरटाइम ठरते. अमिरातीत ओव्हरटाइमला २५ टक्के, आणि रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के जादा दर लागू होतो. राहणे आणि जेवण कोणाचे, वैद्यकीय उपचार कोणाचे, सुट्टीचे तिकीट किती काळाने, हे सारे लेखी असावे. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल आहे, आणि मालक राहण्या-जेवण्याची सोय करत नसेल तर त्याला निवासासाठी ५०० आणि जेवणासाठी ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात.

व्हिसावर लिहिलेला पेशा स्वतः वाचावा, आणि तो अरबीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. कंपनीत ड्रायव्हर म्हणून निघालेल्या माणसाच्या व्हिसावर ‘घरगुती ड्रायव्हर’ असले, तर त्याला कंपनीच्या कामगारांसाठी असलेला कायदा लागू होत नाही. वेल्डर म्हणून निघालेल्याच्या व्हिसावर ‘मेंढपाळ’ असेल, तर त्याला वाळवंटात उंट आणि शेळ्यांमागे पाठवले जाऊ शकते, आणि तसे झालेलेही आहे. कुवेतमध्ये कंपनीचा व्हिसा ‘कलम १८’चा आणि घरकामाचा ‘कलम २०’चा असतो. दुकानातली नोकरी सांगून कलम २०चा व्हिसा हाती ठेवला जात असेल, तर तो परत करावा.

इथे एका करारावर सही आणि तिकडे पोहोचल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्याच कागदावर सही, ही फसवणूक सर्रास होते. कतारने तिच्यावर उपाय म्हणून मुंबईसह भारतातील काही शहरांत व्हिसा केंद्रे उघडली आहेत, जिथे वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि कराराची डिजिटल सही हे सारे निघण्यापूर्वीच होते. सौदीत करार ‘किवा’ या सरकारी प्रणालीवर नोंदवला जातो आणि अमिरातीत कामगार मंत्रालयाकडे, आणि कामगाराला मोबाइलवर आपला नोंदलेला करार पाहता येतो. पोहोचल्यानंतर पहिल्याच आठवड्यात तो पाहावा. अरबी कागदावर मजकूर समजल्याशिवाय सही करू नये. वाद झाला तर अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो.

घरी ठेवायची फाइल आणि सामान

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा पॉलिसी, एजंटच्या पावत्या आणि मालकाचा पत्ता यांच्या छायाप्रती घरातल्या जबाबदार व्यक्तीकडे द्याव्यात आणि त्यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेवावेत. मोबाइल हरवतो किंवा काढून घेतला जातो, म्हणून घरचा आणि दूतावासाचा असे दोन नंबर तोंडपाठ असावेत.

बँकेच्या बाबतीत एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर येथील साधे बचत खाते ‘एनआरओ’ या अनिवासी भारतीयांसाठीच्या खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि तिकडची कमाई पाठवण्यासाठी ‘एनआरई’ खाते उघडता येते. त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. पैसे बँकेतून किंवा अधिकृत एक्स्चेंज हाऊसमधूनच पाठवावेत. हवालाने पाठवलेल्या पैशाची पावती नसते, आणि पैसे मध्येच अडकले तर दाद कोणाकडेही मागता येत नाही.

सामानाबद्दल घरातल्या बायकांशी आवर्जून बोलावे. दिवाळीच्या डब्यातल्या अनारशांवर लावलेली खसखस अमिराती आणि सौदी अरेबियात अमली पदार्थांच्या यादीत मोडते, आणि त्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. कोडीन किंवा ट्रामाडोल हे घटक असलेली खोकल्याची आणि वेदनाशामक औषधेही तशीच धोक्याची आहेत. नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि त्या देशात पूर्वपरवानगी लागते का ते विचारावे. विमानतळावर कोणीही “माझ्या भावाला एवढे द्या” म्हणून दिलेले पाकीट घेऊ नये, मग तो सख्ख्या शेजाऱ्याचा मुलगा का असेना.

पोहोचल्यावर

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो स्वतःजवळ ठेवण्याचा कामगाराला हक्क आहे. अमिराती, सौदी आणि कतार या सर्वच देशांत मालकाने तो अडकवून ठेवणे बेकायदा आहे. इकामा किंवा ओळखपत्र करण्यासाठी काही दिवस पासपोर्ट द्यावा लागतो. त्या वेळी दिल्याची तारीख लिहून ठेवावी आणि काम झाल्यावर लेखी परत मागावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशसुद्धा पुढे पुरावा ठरतो.

पहिल्या दिवसापासून एका वहीत रोजचे कामाचे तास लिहावेत: सुरुवात, शेवट, ठिकाण, मुकादमाचे नाव. पगार बँक खात्यातच घ्यावा, एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नये. अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची ‘वेतन संरक्षण प्रणाली’ आहे, आणि इतर देशांनीही पुढे तशा व्यवस्था आणल्या. पगार कोणत्या तारखेला जमा झाला, किती झाला, हे त्यामुळे सरकारला दिसते.

उन्हाळ्यातील दुपारच्या कामबंदीचे नियम प्रत्येक देशात आहेत. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करण्यास मनाई आहे, सौदीत त्याच काळात १२ ते ३ अशी वेळ आहे, आणि कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३०. कोकणातल्या दमट उन्हाची सवय आहे म्हणून तिकडचे ऊन सोसेल असे मानू नये. घाम येणे थांबले, डोके गरगरले, बोलताना जीभ अडखळली, तर ताबडतोब सावलीत जाऊन सोबत्याला सांगावे. उष्माघाताने तरणीताठी माणसे दगावतात.

राहण्याच्या जागेकडेही बारकाईने पाहावे. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. माणसे दाटीने राहत होती आणि धुरात बाहेर पडण्याचा मार्ग सापडला नाही. आपल्या मजल्यावरून खाली जाणारा दुसरा जिना कुठे आहे, गच्चीचे दार कुलूपबंद असते का, सिलिंडर जिन्याखाली ठेवले आहेत का, हे राहायला गेल्याच दिवशी बघावे, आणि चूक दिसली तर फोटो काढून कॅम्पच्या व्यवस्थापकाला पाठवावा.

पगार थकला तर

पहिला महिना थकला की मालकाला लेखी विचारावे, दुसरा थकेपर्यंत वाट पाहू नये. रागाच्या भरात काम सोडून निघून जाणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण मालक ‘पळून गेला’ अशी नोंद करतो. सौदीत याला ‘हुरूब’ म्हणतात. ती नोंद झाली की इकामा निरुपयोगी होतो आणि फिर्यादी असलेला माणूस आरोपी होतो. अमिरातीत सलग सात दिवसांहून अधिक विनाकारण गैरहजर राहिल्यास सूचना न देताही नोकरीवरून काढता येते. सर्वांनी मिळून काम बंद पाडणेही तिकडे महागात पडते, कारण संपाला कायद्याचे संरक्षण नाही आणि पुढाकार घेणाऱ्याला आधी परत पाठवतात. काम चालू ठेवून तक्रार करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

तक्रार त्या देशाच्या कामगार मंत्रालयाकडे करावी. ती ऑनलाइनही करता येते आणि तिला शुल्क लागत नाही. अमिरातीत ५०,००० दिऱ्हमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालयच निर्णय देऊ शकते. सौदीत आधी तडजोडीची बैठक होते आणि ती निष्फळ ठरली तर प्रकरण कामगार न्यायालयात जाते. नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांनंतर तिथे सहसा दावा घेतला जात नाही, म्हणून “आधी घरी जाऊ, मग बघू” असे म्हणू नये.

त्याच वेळी भारतीय दूतावासालाही कळवावे. दुबई, रियाध आणि जेद्दा येथे ‘प्रवासी भारतीय सहायता केंद्रे’ आहेत, आणि दुबईच्या केंद्राचा निःशुल्क क्रमांक ८००४६३४२ हा आहे. घरच्यांना इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते किंवा १८००११३०९० या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. अडकून पडलेल्यांचे तिकीट, निवारा, कायदेशीर साहाय्य आणि मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च यांसाठी दूतावासांकडे २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रियांबद्दल

घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीची अवस्था सर्वांत नाजूक असते, कारण तिचे कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकच असते आणि दाराची किल्ली मालकाकडे असते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या स्त्रीला या देशांत घरकामासाठी जायचे तर वयाची ३० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी लागते. वय वाढवून सांगणारा किंवा व्हिजिट व्हिसावर आधी एका देशात आणि तिथून दुसऱ्या देशात नेणारा एजंट हा सरळसरळ माणसांचा व्यापार करीत असतो, आणि त्याच्याविरुद्ध पोलिसांत जावे. पोहोचताच घराचे लोकेशन आणि मालकाच्या ओळखपत्राचा फोटो माहेरी पाठवावा. ठरलेल्या दिवशी फोन आला नाही तर वाट न पाहता ‘मदद’वर तक्रार करायची, हे घरच्यांनी आधीच ठरवून ठेवावे.

परतताना

नोकरी सोडताना पुढे येणाऱ्या कागदावर बहुधा “मला सर्व देणी मिळाली आहेत” असे अरबीत लिहिलेले असते. पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी त्यावर सही करू नये. ग्रॅच्युइटी स्वतः मोजावी. अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे ३० दिवसांचे बेसिक वेतन मिळते. सौदीत करार पूर्ण करणाऱ्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. दुबईत १,००० दिऱ्हम बेसिकवर पाच वर्षे काम केलेल्याचे ३,५०० दिऱ्हम होतात. न घेतलेल्या सुट्टीचे पैसे आणि परतीचे तिकीट त्याहून वेगळे.

तिकडच्या बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी राहिली असेल तर विमानतळावर अडवले जाऊ शकते, म्हणून खाते बंद केल्याचा कागद आणि मोबाइल कनेक्शन रद्द केल्याची पावती घेऊनच निघावे. अनुभवाचा दाखला मालकाकडून लेखी घ्यावा. भारतात परतून स्थायिक होणार असाल तर एनआरई आणि एनआरओ खाती पुन्हा निवासी खात्यांत बदलण्यासाठी बँकेला कळवावे, आणि कामाच्या तासांची वही, पगाराचे उतारे व करार हे सर्व किमान दोन वर्षे जपून ठेवावे, कारण बाकी राहिलेल्या देण्यांचा दावा करायचा झाला तर प्रथम हेच कागद मागितले जातात.